मंडळीत हिशोब विचारणं पाप आहे का?

बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असाल किंवा रात्री अंथरुणात पडून, आज पाच-सहा मिनिटं मला द्या.

एका श्रोत्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला होता. ती तिच्या मंडळीच्या तरुण संघात आहे. शिबिरासाठी सगळ्यांनी वर्गणी काढली, शिबिर झालं, पैसे उरले. तिने सहज विचारलं, उरलेले कुठे आहेत? तर एक वडीलधारे म्हणाले, "बाळा, देवाच्या सेवकाला हिशोब विचारायचा नसतो." तिचा प्रश्न एवढाच: "दादा, मी विचारलं हे पाप झालं का?"

ताई, नाही. आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही, आपण शास्त्रात बघू.

यरुशलेमेतल्या गरीब विश्वासी लोकांसाठी पौल मदत गोळा करत होता. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी दिलं, करिंथकरांनी द्यायचं कबूल केलं. रक्कम मोठी, प्रवास लांबचा. पौल प्रेषित होता, 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणाला असता तर कोण अडवणार होतं? पण करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय उघडा. तो तीताला पाठवतो आणि सोबत आणखी दोन भाऊ देतो. त्यातला एक तर मंडळ्यांनी निवडलेला, पौलाने नव्हे. कारणही तो स्वतःच देतो: या पैशावरून कोणी आमच्याकडे बोट दाखवू नये, आमचं वागणं देवासमोर नीट असावं आणि माणसांसमोरही. पुढे प्रवासात पौलाबरोबर असलेल्या सात जणांची नावं कृत्यांच्या विसाव्या अध्यायात आहेत, वेगवेगळ्या ठिकाणचे.

लक्षात घ्या, त्याच करिंथमध्ये पौलाबद्दल कुजबुज होती की हा गोड बोलून दुसऱ्यांच्या हातून पैसे काढतो. त्याने कुजबुज करणाऱ्यांना शाप दिला नाही. 'तुम्ही देवाच्या माणसावर बोलता' असं म्हणून गप्प बसवलं नाही. त्याने साक्षीदार वाढवले.

आता तुम्ही म्हणाल, पण अभिषिक्ताला हात लावू नये असं आपल्याला शिकवतात ना? शिकवतात, आणि दाविदाचं उदाहरण देतात. मग ती गोष्ट पूर्ण वाचू या, पहिला शमुवेल, चोविसावा अध्याय. एन-गेदीच्या गुहेत शौल दाविदाच्या हाताशी सापडला. दाविदाने त्याला मारलं नाही, फक्त झग्याचा काठ कापला. पण तो गुहेतून बाहेर आला आणि सगळ्या सैन्यादेखत शौलाला मोठ्याने विचारलं की तू माझा जीव घ्यायला का फिरतोस, माझा गुन्हा काय? हात उचलला नाही, प्रश्न मात्र उघड विचारला. आपण पहिलं लक्षात ठेवलं आणि दुसरं विसरलो.

मी लहान असताना आमच्या गावाकडच्या मंडळीत उपासना संपली की दानाची पेटी सगळ्यांसमोर टेबलावर उघडायची. तिघे मोजायचे, तिघे सही करायचे, आणि दाराजवळच्या फळ्यावर खडूने आकडा लिहायचे. तीनशे चाळीस रुपये, कधी पाचशे दहा. आम्ही पोरं तो आकडा वाचत बाहेर पडायचो. पुढे कारभार बदलला आणि फळा निघाला. कोणी पैसे खाल्ले का? मला खरंच ठाऊक नाही. पण फळा गेला आणि कुजबुज आली. दोन वर्षांत एकाच बाकावर बसणारी दोन घरं एकमेकांच्या लग्नालाही जाईनाशी झाली. हिशोब झाकला की चोर वाचतो असं आपल्याला वाटतं, पण आधी मरतो तो प्रामाणिक माणूस. त्याच्याकडे स्वतःला निर्दोष दाखवायला काहीच उरत नाही.

म्हणून पुढारी निवडताना काय बघायचं? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा. त्या यादीत कौशल्य म्हणावं असं जवळजवळ एकच आहे, शिकवता येणं. बाकी सगळं वागणं: पैशाचा लोभ नको, भांडखोर नको, घर नीट चालवणारा हवा, आणि बाहेरच्या लोकांमध्येही नाव चांगलं हवं. म्हणजे किराणा दुकानदार, शेजारी, घरमालक त्याच्याबद्दल काय म्हणतात तेही. आवाज दमदार आहे, रील्स चालतात, हे त्या यादीत नाही.

पण त्याच पत्रातल्या पाचव्या अध्यायात दुसरी बाजूही आहे. दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरचा आरोप ऐकूच नको, आणि दोष ठरला तर मात्र सर्वांसमोर समज दे, तोंड बघून न्याय करू नको. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर पाळकसाहेबांबद्दल स्क्रीनशॉट फिरवणं हे धैर्य नव्हे. आधी भेटून विचारा, मग दोघं-तिघं मिळून, मग कमिटीला लेखी. महाराष्ट्रात अनेक मंडळ्या सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. १९५० च्या कायद्याप्रमाणे त्यांना हिशोब ठेवावा लागतो आणि साधारणपणे तो तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. तेव्हा हिशोब मागणं म्हणजे बंड नाही, ती घरातली रीत आहे.

आणि सुरुवात आपल्यापासून. तरुण संघाची वर्गणी तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर येते का? त्याच खात्यातून पेट्रोल आणि रिचार्जही होतो का? मग महिन्याच्या शेवटी ग्रुपवर जमा, खर्च, शिल्लक टाका. कोणी मागितलं नाही तरी टाका. येशूच्या बारा जणांतही पैशाची पेटी सांभाळणारा त्यातून काढून घ्यायचा, हे योहानाने लपवलं नाही. मग आपण स्वतःला त्या मोहाच्या वर का समजावं?

तर ताई, तू प्रश्न परत विचार. आवाज न चढवता, एका मैत्रिणीला सोबत घेऊन. उत्तर चोख मिळालं तर तिथेच सगळ्यांदेखत आभार मान, कारण तेही सत्यच आहे.

प्रभू आपल्या मंडळ्यांना उघड्या वहीचे पुढारी देवो, आणि तुम्हा-आम्हाला तसंच होण्याची कृपा देवो. आमेन. पुढच्या भागात भेटू.