रात्रीची पांदण आणि सायकलची बत्ती
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, पीकविमा आहे, कर्ज आहे. त्यात सायकलच्या दिव्यावर अर्धा तास कशाला, असे मघाशी दोघा-तिघांनी आम्हाला विचारले. त्यांना आम्ही उलट विचारले, काल रात्री तुम्ही वावरात किती वाजता गेला होता? एक म्हणाला अकरा, दुसरा म्हणाला दीड. आणि बत्ती? एकाने मोबाईल दातात धरला होता. दुसऱ्याचे म्हणणे असे की वाट पायाखालची आहे, बत्ती लागत नाही.

पायाखालची वाट चाकाखालची नसते. चालताना पाय चाचपडतो, सायकलचे चाक चाचपडत नाही.

आपली शेती कोरडवाहू. तरी ज्याच्या विहिरीत चार हात पाणी आहे तो पऱ्हाटीला एखादे संरक्षित ओलीत देतो, हरभऱ्याला देतो. तीन फेजची वीज रात्रीची असली की त्याला रात्री जावे लागते. ज्याच्याकडे विहीर नाही, त्याची ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांसाठी जागल. म्हणजे दोघेही रात्री पांदणीत. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली सौर कृषी वाहिनीची योजना सुरू झाली. जिथे ती पोचली तिथे रात्रीची फेरी वाचली. जिथे नाही पोचली तिथे मागणी लावून धरायचीच, पण मागणी मंजूर होईपर्यंत खड्डा थांबत नाही. सरकार पिकाचा उत्पादनखर्च काढते तेव्हा बियाणे धरते, खत धरते, घरच्या माणसांची मजुरी धरते. रात्री दीड वाजताच्या फेरीचा रकाना त्यात आम्हाला अजून दिसलेला नाही.

आता हिशेब. सायकल ताशी 12 किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटर. समोर काही दिसले, ते काय आहे हे डोक्यात शिरले, आणि हात ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद जातो. तेवढ्यात पाच मीटर गेले. पुढे आपले ते सळईचे ब्रेक, रिम ओली, खाली भुसभुशीत माती. आणखी तीन मीटर. एकूण आठ मीटर. तीच सायकल उताराला 20 च्या वेगाने सुटली, तर हाच हिशेब सोळा मीटरवर जातो. वेग दुपटीलाही पोचला नाही, अंतर मात्र दुप्पट झाले. म्हणून बत्ती घेताना पहिला प्रश्न हा की आठ-दहा मीटरवरचा खड्डा खड्डा म्हणून दिसतो का. किती भगभगीत आहे, हा नंतरचा प्रश्न.

आपल्याकडे त्यात एक जास्तीची अडचण आहे. काळी माती उजेड पिते. तिच्यावर पडलेल्या उजेडातला दहाव्या भागाच्या आसपासच परत डोळ्याकडे येतो. मुरमाड वाटेवर जी बत्ती पुरते ती काळ्या रानात अपुरी पडते. शहरातल्या दुकानात पांढऱ्या भिंतीवर बत्ती पाडून दाखवतात, त्या परीक्षेला काही अर्थ नाही. दुकानदाराला म्हणा, बाहेर चल, अंधारात डांबरावर पाड.

बाजारातल्या डब्यांवर 10,000 लुमेन, 20,000 लुमेन असे छापलेले असते. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचे माप. चांगला एलईडी एका वॉटला साधारण 100 लुमेन देतो. म्हणजे 10,000 लुमेनला 100 वॉट पाहिजेत. त्या बत्तीत सेल असतो एक, बोटाएवढा, 18650 नंबरचा. 3.7 व्होल्टचा हा सेल उत्तमातला उत्तम घेतला तरी 3500 मिलीअँपिअर-तासांच्या आसपास. गुणाकार करा, तेरा वॉट-तास. 100 वॉटने तो आठ मिनिटांत संपेल आणि त्याआधी हात भाजेल. तरीही सेलवर 9900 छापलेले असते. हे आपल्याला नवे नाही. बियाण्याच्या पाकिटावरचे बोंड आणि वावरातले बोंड यांतला फरक आपण पाहिलेलाच आहे.

पारख सोपी आहे. खरा 18650 सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराच्या काट्यावर ठेवा. पंचवीस-तीस ग्रॅमच भरला तर आत माल नाही. वजन बरोबर भरले म्हणून सेल चांगलाच असे मात्र नाही, पण हलका सेल नक्की खोटा.

पांदणीसाठी 200 ते 300 लुमेन खरे असले तर पुष्कळ झाले. तीन वॉटचा दिवा, बरा सेल, तीन तास जळतो. जाऊन-येऊन दोन रात्री निघतात. आमच्यातल्या वयस्कर मंडळींना डायनामोचा पिवळा बल्ब आठवत असेल. तो 2.4 वॉटचा होता, आणि आजचा अर्ध्या वॉटचा एलईडी त्याच्यापेक्षा जास्त उजेड देतो. त्या बल्बवर माणसे तालुक्याला जाऊन येत होती. तेव्हा शहरात बिनबत्तीची सायकल पोलीस अडवत, म्हणून वेशीपाशी खाली उतरून सायकल हातात धरून चालायची रीत होती.

डायनामो मोडीत काढू नका. सेल नाही, चार्जिंग नाही, वीज गेली तरी चालतो. 6 व्होल्ट, 3 वॉट. मात्र तो उलटसुलट प्रवाह देतो, म्हणून एलईडी लावायचा तर मध्ये चार डायोडची जोडणी लागते. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही ती करून देईल. त्याच्या दोन खोडी आहेत. सायकल थांबली की दिवा विझतो, आणि टायरला काळा चिखल लागला की डायनामोचे चाक घसरते. म्हणून पावसाळ्यात एकट्या डायनामोवर विसंबू नये.

आता बत्ती कुठे लावायची. याबाबत आमचेच चुकले होते. कपाळावर बांधायची बत्ती घेतली, दोन्ही हात मोकळे, स्टार्टरचा डबा उघडायला उत्तम. तीच कपाळावर ठेवून सायकल चालवली आणि बैलगाडीच्या चाकोरीत चाक अडकून पडलो. मनगट महिनाभर बांधलेले होते. नंतर विचार केला की चाकोरी दिसली का नाही? उजेड आणि डोळा एकाच जागी असला की सावली वस्तूच्या मागे लपते, डोळ्याला दिसत नाही. खड्डा दिसतो तो त्याच्या सावलीने. बत्ती खाली असली, हँडलवर किंवा त्याहून बरे म्हणजे पुढच्या चिमट्यावर, की लहानशा ढेकळालाही लांब सावली पडते आणि चाकोरी काळी रेघ होऊन समोर येते. शिवाय कपाळावरच्या बत्तीला पावसाळी किडे येतात, ते सरळ डोळ्यात. तेव्हा कपाळावरची बत्ती खिशात ठेवा, विहिरीवर पोचल्यावर बांधा.

बत्तीचे तोंड किती वाकवायचे यालाही माप आहे. भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. बत्ती जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या निम्म्या उंचीवर उजेडाचा मध्य भिंतीवर पडला पाहिजे. म्हणजे तो दहा मीटरवर जमिनीला टेकतो. सरळ समोर धरलेली बत्ती आभाळाला उजेड देते आणि समोरून येणाऱ्याला आंधळा करते. अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव घालवायला एक झोत पुरतो. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत वरून कापलेला असावा असा कायदा आहे. आपल्याकडे निदान पांदणीत समोर माणूस दिसला तर बत्तीवर तळहात धरावा.

रंगाचे म्हणाल तर आम्ही निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेड पसंत करतो. त्यात मातीवरची काडी आणि मातीवरचा साप वेगळे ओळखू येतात, असा आमचा अनुभव आहे.

सापाचे बोलायलाच हवे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक खेड्यातली. मण्यार आणि घोणस प्रामुख्याने रात्री फिरतात. सायकलवर असेपर्यंत पाय वर असतात. धोका आहे तो सायकल धुऱ्याला टेकवून मोटरीपर्यंत चालत जाण्यात. म्हणून हँडलवरून चटकन निघणारी बत्ती घ्या, कायमची कसलेली नको. ती पावलापुढे धरा, पायात बूट असू द्या. दंश झालाच तर वेळ मांत्रिकाकडे घालवू नका, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही विषांवर चालणारी एकच लस आहे आणि ती दवाखान्यातच मिळते.

पांदण संपून डांबरी सडक लागली की गोष्ट बदलते. तिथे आपल्याला दिसण्यापेक्षा आपण दिसणे महत्त्वाचे. मागे लाल दिवा पाहिजेच, आणि तो स्थिर जळणारा. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो हे खरे, पण अंधाऱ्या सडकेवर मागच्या ट्रकवाल्याला त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. रिफ्लेक्टर स्वतः जळत नाही, समोरच्या दिव्याचा उजेड त्याच्याकडेच परत पाठवतो. ट्रकचा एक दिवा बंद असला, तोही वाकडा असला, तर रिफ्लेक्टरचा उपयोग नाही. म्हणून दोन्ही लावा. पॅडलवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवा. वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की हा सायकलवाला आहे हे दुरून कळते. तीच पट्टी बैलगाडीच्या मागच्या फळीवर लावा, आणि कापसाची ट्रॉली जिनिंगला नेताना तर विसरूच नका. गंजीएवढी ट्रॉली, मागे एकही दिवा नाही, आणि ती रात्री सडकेच्या कडेला पंक्चर होऊन उभी, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यात दोष परिस्थितीचा नाही, आपलाच आहे.

सेल जपा. उन्हाळ्यात बत्ती पत्र्याच्या खोपीत ठेवली की सेल मेला समजा. तापलेला सेल चार्जिंगला लावू नका, आधी सावलीत निवू द्या. फुगलेला सेल फेकून द्या, चुलीजवळ तर नकोच. पाण्याचे म्हणाल तर डब्यावर आयपीएक्स 4 असेल तर पावसाचे शिंतोडे चालतात, विहिरीत पडली तर चालत नाही.

चहाच्या वेळी बाहेरच्या टेबलावर तीन बत्त्या मांडल्या आहेत आणि एका सभासदाने सोनाराचा काटा मागून आणला आहे. तुमच्या बत्त्यांतले सेल काढून घेऊन या, तोलून पाहू.