वडीलधाऱ्यांचे दात आणि स्मृती

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलायचे तर एखादा मोठा विषय घ्यावा अशी रीत आहे. मी मात्र दातांवर बोलणार आहे. हसू नका, गेल्या वर्षी याच विषयाने मला रडवले आहे.

माझ्या सासूबाई ८२ वर्षांच्या. तीन-चार वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला. माणसांची नावे विसरत, जेवण झाल्याचे विसरत. पुढे त्या जेवेनाशाच झाल्या. दोन घास घेत आणि ताट सरकवून देत. मी म्हणे, "आई, हट्ट करू नका." एकदा तर रागाने मी ताट उचलून नेले. आता वय झाले, डोके चालत नाही, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते.

मग नणंद माहेरपणाला आली. आईचे तोंड धुऊन देताना तिने कवळी काढली, तो खाली हिरडीवर ही एवढी जखम! कवळी कित्येक दिवस, रात्रीसुद्धा, तोंडातून निघाली नव्हती. बिचाऱ्या सांगणार कशा? 'दुखते' हा शब्दच त्यांना वेळेवर सापडत नव्हता. दंतवैद्यांनी कवळी घासून नीट बसवली, जखम भरली आणि पंधरवड्यात त्या दुधात कुस्करलेली भाकरी मागून खाऊ लागल्या. स्मरणशक्ती परत आली असे खोटे मी सांगणार नाही. पण अंगात जीव आला, चिडचिड गेली. मी ताट उचलून नेल्याचे त्या विसरल्या. मी विसरले नाही.

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचते आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली १४ अभ्यास, म्हणजे सुमारे ३४ हजार माणसांची माहिती, एकत्र तपासली. ज्यांचे दात अधिक पडले होते, त्यांच्यात बुद्धी मंदावण्याचा धोका १.४८ पट आणि स्मृतिभ्रंशाचा १.२८ पट आढळला. कवळी वापरणाऱ्यांत मात्र हा फरक तितका ठळक दिसला नाही.

म्हणून दात पडले की बुद्धी जाते, असे समजू नका. मधुमेह, तंबाखू, गरिबी ही दोन्हींची मुळे असू शकतात. शिवाय ज्याला विसर पडतो तो दात घासायलाही विसरतो. हिरड्यांच्या रोगाचे जंतू स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या मेंदूत सापडल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. पण त्या जंतूंवर काढलेल्या औषधाने २०२१ च्या चाचणीत बुद्धीची घसरण थांबली नाही. तेव्हा दातांच्या उपायाने स्मृती परत येईल असे कोणी सांगितले, तर पैसे देऊ नका. तोंड स्वच्छ ठेवायचे ते घास सुखाने जावा म्हणून, दुखणे टळावे म्हणून. एवढे कारण पुरेसे नाही का?

जपानात १९८९ पासून '८० व्या वर्षी २० दात' अशी मोहीम चालली. २०१६ च्या पाहणीत तिथल्या ८० वर्षांच्या निम्म्याहून अधिक माणसांनी ते साधले होते. म्हणजे म्हातारपण आले की बोळके व्हायचेच, असा काही नियम नाही. आपल्याकडे मात्र दात दुखतो म्हणून बाया मिश्री लावतात आणि ती सुटत नाही. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती हिरड्या बिघडवते आणि तोंडाच्या कर्करोगाला बोलावणे धाडते.

करायचे फार थोडे आहे. रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. ज्यांना विसर पडतो, त्यांच्या शेजारी उभे राहून आपण ब्रश हातात द्यावा; जमेना तर त्यांच्या हातावर हात ठेवावा. कवळी रात्री काढून, घासून, साध्या पाण्यात ठेवावी. कढत पाण्यात तिचा आकार बिघडतो. औषधांनी तोंड कोरडे पडत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. आणि घरातले म्हातारे माणूस जेवेनासे झाले, तर रागावण्याआधी बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात पाहावे.

आज घरी गेल्यावर एवढे एक काम करा. मला हे दीड महिना उशिरा सुचले. तुम्हाला तसा उशीर न होवो, इतकीच इच्छा बोलून दाखवते आणि आपली रजा घेते.