‘कळवतो’ म्हणालात, मग कळवा

कारखान्या-कचेऱ्यांत माणसं निवडण्याचं काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

तीस वर्षं मी टेबलाच्या आपल्या बाजूला बसलो. आज पलीकडच्या खुर्चीविषयी बोलणार आहे.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी नवा होतो. डिप्लोमा झालेला एक मुलगा रात्रीच्या एसटीनं लातूरहून आला. मुलाखत सकाळी दहाची, साहेब आले दुपारी चारला. सात-आठ मिनिटांत आटोपलं. ‘कळवतो,’ असं सांगून त्याला पाठवलं. ती जागा आदल्याच दिवशी आतल्या माणसाला दिलेली होती. मला ते ठाऊक होतं आणि मी बोललो नाही.

त्या काळी कित्येक जाहिरातींत लिहिलेलं असे, की स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडा. नकाराचा टपालखर्चसुद्धा उमेदवाराचा! तरी ती पाकिटं आमच्या फायलींत पडून राहत. आता पाकीट गेलं, पोर्टल आलं. बायोडाटा अपलोड करायचा, मग तीच माहिती रकान्या-रकान्यांत पुन्हा भरायची, आणि पुढे महिनोन्महिने सामसूम.

पगार किती देणार हे आपण सांगत नाही, उमेदवाराच्या मात्र तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागतो. ‘लगेच रुजू होणारा हवा’ अशी जाहिरात देतो आणि आपला माणूस सोडायला निघाला की ९० दिवसांच्या नोटिशीवर अडून बसतो. २०२२ साली पदवी घेतलेल्या काही इंजिनिअरांना ऑफर लेटर हातात असूनही रुजू व्हायला दोन-दोन वर्षं थांबावं लागलं. त्या भरवशावर कुणी दुसरी नोकरी नाकारली असेल, तर ते नुकसान कुणी भरून द्यायचं?

उत्तर न देण्याच्या या मौनाआड याहून वाईट गोष्टही लपते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगळी. सवर्ण नावाच्या तुलनेत पुढे बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघालं. कारण सांगावंच लागत नसेल, तर आपण आडनाव वाचून अर्ज बाजूला टाकला हे कुणाला कळणार? रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती १९५९ च्या कायद्यानं केली. अर्जदाराला उत्तर देण्याची केली नाही. ते आपल्यावरच आहे.

अर्ज हजारोंनी येतात, कुणाकुणाला कळवणार, असं तुम्ही म्हणाल. पण महिनाअखेरीस हजारोंच्या पगाराच्या स्लिपा आपण एका रात्रीत पाठवतोच की!

दुपारच्या सत्रात ठराव येईल. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला १५ दिवसांत लेखी उत्तर, आणि बाहेरगावाहून बोलावलेल्याला प्रवासभाडं. भाड्याच्या कलमाला काहींचा विरोध आहे असं समजतं. हात जोडून सांगतो, ते कलम काढू नका. लातूरच्या त्या मुलाला परतीच्या तिकिटाला वीस रुपये कमी पडत होते, ते मी दिले होते. महिन्याभरानं त्यानं ते मनिऑर्डरनं परत पाठवले. कुपनावर एकच ओळ होती: निकाल कळवावा.