परीक्षकाची सही
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभात, मुलुंड येथे केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस इंजिनिअरच्या व्यवसायाविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारे आयुष्य शाळेत उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. यंत्रांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु परीक्षा म्हणजे काय, हे थोडेफार कळते. आणि आजचा विषयही परीक्षकाचाच आहे.

यंत्ररचनेची हौस मुंबईस नवी नाही. १८६७ साली येथे जन्मलेल्या डॉ. शंकर आबाजी भिसे यांनी वजनाच्या यंत्रापासून छापखान्याचे खिळे पाडणाऱ्या यंत्रापर्यंत अनेक शोध लाविले; १९३५ साली न्यूयॉर्क येथे ते निवर्तले. पुढे विक्रोळीस गोदरेज, पवईस लार्सन अँड टुब्रो, कांजूरमार्गास क्रॉम्प्टन असे कारखाने उभे राहिले, १९७३ साली अंधेरीस सीप्झ आले, आणि उपनगरांतील कित्येक घरांच्या चुली त्यांवर पेटल्या.

आमचा पुतण्या मात्र एका लहानशा कारखान्यात होता. ‘काँटॅक्टर’ नावाचा विजेचा स्विच तयार करणे व तपासणे हे त्याचे काम. इमारतीच्या पाण्याच्या पंपाचे बटण दाबताच पेटीत ‘खट्’ असा आवाज होतो, तो याचाच. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की लोखंडाचा तुकडा ओढला जातो, चांदीमिश्रित संपर्क एकमेकांस भिडतात आणि मोटार चालू होते. वीज तोडली की स्प्रिंग त्यांना दूर सारते. रचना सोपी, पण परीक्षा कठीण. ठरलेल्या दाबाच्या ८५ टक्क्यांवर वीज उतरली तरी तो ओढला गेला पाहिजे; ११० टक्क्यांवर चढली तरी बिघडता कामा नये. तासन्‌तास प्रवाह चालवून कोणता भाग किती तापतो ते मोजावयाचे. मग लक्षावधी वेळा उघडझाप! संपर्क भिडताना उसळले की ठिणगी पडते, धातू वितळतो आणि ते एकमेकांस डकून बसतात. मग बटण दाबूनही पंप थांबत नाही.

एकदा नव्या नमुन्यांपैकी दोन असेच डकले. स्प्रिंगचा जोर कमी पडतो, हे पुतण्याने शोधून लेखी कळविले. पण माल रवाना करण्याची तारीख तोंडावर आली होती. वरिष्ठ म्हणाले, “बाकीचे उत्तीर्ण आहेत ना? सही कर.” त्या रात्री तो आमच्याकडे आला. सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीही हेच म्हणालो, “बाबा रे, घराचे हप्ते चालू आहेत. सही करून टाक.”

त्याने शांतपणे विचारले, “काका, नापास मुलाला तुम्ही कधी पास केलेत?”

केले होते, एकदा; वरून शब्द आला म्हणून. तो मुलगा पुढील इयत्तेत वर्षभर मागच्या बाकावर मान खाली घालून बसे. तो आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि आमच्याने उत्तर देववले नाही.

पुतण्याने सही केली नाही. वेतनवाढ थांबली, वर्षभरात नोकरीही गेली. “मुलगा एका जागी टिकत नाही,” अशी आपल्या ज्ञातीत कुजबुज झाली आणि जुळत आलेली सोयरीक फिसकटली. ती मंडळी कदाचित या सभेतही असतील. आम्ही त्यांस दोष देत नाही. सख्ख्या काकाचा सल्ला तरी कोठे निराळा होता? आज तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, लहानशा जागेत, इतरांचा माल तपासून देतो. मिळकत बेताची आहे, पण झोप शांत लागते असे म्हणतो.

पालकांनो, मुलाचा पगार अवश्य विचारा. पण त्याने कशावर सही करण्याचे नाकारले, तेही विचारीत चला. आणि विद्यार्थिमित्रांनो, आज तुमच्या प्रशस्तिपत्रावर आमची सही आहे. उद्या तुमची सही एखाद्या यंत्राच्या कागदावर असेल. ते यंत्र ज्याच्या घरी जाईल, तो तुम्हांस ओळखणार नाही. तो केवळ विश्वासाने बटण दाबील.

त्या विश्वासास पात्र व्हा, एवढाच आमचा आशीर्वाद.