स्तंभावरील नावे आणि महाजनांचे ऋण
(महाजन-संमेलनातील भाषण)



माळव्यातील कन्नौदसारख्या लहान गावाहून आलेल्या मजसारख्या सामान्य माणसास श्रींच्या सभामंडपात दोन शब्द बोलावयास आपण पाचारण केलेत, हा मी आपल्या कुलदैवताचा प्रसाद समजतो.

कन्नौद आज देवास जिल्ह्यात आहे. होळकर संस्थानाच्या काळी ते नेमावर जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 1972–73 मध्ये देशभर विकासखंडांच्या गावी स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरलेले शिलास्तंभ उभे राहिले. अशा स्तंभाला शिखर नसते, त्याची पूजाअर्चाही होत नाही. तथापि येणारा-जाणारा त्यावरील नाव वाचतो आणि म्हणतो, 'हे आमच्या आजोबांचे शेजारी.' वाचणारा ओळखीचा आहे, तोवर तो दगड जिवंत असतो.

परंतु जो घर सोडून परमुलखात पडला, त्याचे काय? जन्मगावी त्याची समाधी नाही, आणि जेथे तो पडला तेथे त्याचे गोत्र-गाव विचारणारा कोणी नाही. हाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवू इच्छितो, कारण त्याचा संबंध आपल्या या भूमीशी आहे.

18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावी सविनय कायदेभंगाची हाक दिली. पुढे पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली, आणि मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांची तुकडी सीमेपार गेली. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सहस्रावधी सत्याग्रही निरनिराळ्या वाटांनी गोव्यात शिरले. हाती ध्वज, मुखी जयघोष. शस्त्र एकही नाही. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक जणांनी त्या दिवशी देह ठेवला.

त्यांत उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. महाकालेश्वराच्या पुजारी घराण्यातला हा मराठी तरुण. आमच्या देवास जिल्ह्यातील सोनकच्छ भागात त्यांनी संघाचे प्रचारक म्हणून काम केले होते. पंजाबातील इसरू गावचे शिक्षक कर्नैलसिंग पत्रादेवीस धारातीर्थी पडले. सागरच्या सहोद्राबाई राय गोळ्या लागून जखमी झाल्या. त्या बचावल्या आणि 1957 मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. आज पत्रादेवीस हुतात्मा स्मारक उभे आहे.

विचार करा, यांपैकी कोणाचेही कुलदैवत गोव्यात नव्हते. जत्रेत पालखीला खांदा देण्याचा त्यांना मान नव्हता. 1933 च्या देवस्थान नियमावलीप्रमाणे ठेविल्या जाणाऱ्या महाजनांच्या नोंदवहीत त्यांचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या भूमीशी त्यांचे वतनाचे नाते नव्हते, तिच्यासाठी त्यांनी प्राण दिले.

महाजनांनो, परमुलखात गेलेल्याची किंमत आपणांइतकी कोणास कळणार? सोळाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली. देवाचे स्थान बदलले, पण पूर्वजांनी नाव बदलू दिले नाही, सेवा खंडू दिली नाही. चार शतके हे झाले, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी पुढच्या पिढीस सांगत राहिले. देवालय जसे भिंतींवर टिकत नाही, सांगणाऱ्यांवर टिकते, तसेच स्मारकाचेही आहे. पुष्पचक्र शासन वाहील. पण ओळख सांगण्याचे काम घराघरांचे आहे.

म्हणून माझी एकच विनंती आहे. नवा खर्च नको, नवी वास्तू नको. दरवर्षी 15 ऑगस्ट रोजी सभामंडपात या हुतात्म्यांची नावे, त्यांच्या गावांसह, मोठ्याने वाचली जावीत. वाचन मुलांनी करावे. आणि जत्रेस मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कुटुंबांनी वाटेत पत्रादेवीस क्षणभर उतरून, तेथील नावांसमोर मुलांना उभे करावे.

ज्यांनी आपले गाव सोडून आपल्या देवाची भूमी मोकळी केली, त्यांना या भूमीत परके राहू देऊ नये. महाजन या शब्दाचा अर्थ 'मोठे जन' असा आहे. ऋण स्मरण्यातच ते मोठेपण आहे.