चूक मुलीची की प्रश्नाची?

मी इंदूरला गणित शिकवतो. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, आज माझाच एक पेपर तपासायचा आहे.

सहावीच्या सराव परीक्षेत मी विचारलं होतं, 'खालीलपैकी आयत कोणता?' चार आकृत्या होत्या: चौरस, लांबट आयत, समभुज चौकोन आणि समलंब चौकोन. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं चौरसावर खूण केली. मी गुण कापला, वर म्हणालो, "बाळा, घाई करू नकोस." ती काही बोलली नाही.

दोनेक वर्षांनी मी प्रश्न-प्रतिसाद सिद्धांत शिकायला घेतला. बी.एड.ला काठिण्य मूल्य आणि भेदन मूल्य पाठ केलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. आता नीट समजून घ्यायचं होतं.

सुरुवात केली जॉर्ज राश यांच्यापासून. हे डेन्मार्कचे गणितज्ञ. त्यांचं पुस्तक 1960 सालचं. कल्पना अगदी साधी आहे. मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकाच पट्टीवर मोजायचं. दोन्ही सारखी असतील, तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता 50 टक्के. क्षमता एका एककानं जास्त असेल तर साधारण 73 टक्के, दोननं जास्त असेल तर 88. म्हणजे नुसते गुण मोजायचे नाहीत. कोणत्या मुलाला कोणता प्रश्न आला, ते बघायचं.

राश यांच्या प्रतिमानात सगळ्या प्रश्नांचा चढ सारखाच धरतात. पुढच्या, दोन घटकांच्या प्रतिमानात प्रत्येक प्रश्नाचा चढ वेगळा असू शकतो. चढ म्हणजेच भेदन: जाणणारा आणि न जाणणारा यांना प्रश्न किती स्पष्ट वेगळं करतो. तिसरा घटक अंदाजपंचे उत्तराचा, पण तो मोजायला भरपूर मुलं लागतात. आमच्यासारख्यांनी त्या वाटेला न गेलेलं बरं.

सरावासाठी मी शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका काढल्या. 'आर' ही मोफत संगणकभाषा वापरली. बाकी प्रश्नांच्या रेषा वर चढत होत्या. आयताच्या प्रश्नाची रेषा खाली उतरत होती! क्षमता वाढत जाईल तसं उत्तर चुकत होतं. आधी वाटलं, आकडे भरताना माझाच घोळ झाला. पुन्हा भरले. तेच.

मग प्रश्न पुन्हा वाचला आणि कपाळावर हात मारला. चौरसाचेही चारी कोन काटकोन. प्रत्येक चौरस आयत असतोच! ज्यांना व्याख्या पक्की कळली होती, तेच माझ्या प्रश्नात अडकले.

ती मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला बोलावून सांगितलं, "तुझं उत्तर बरोबर होतं. चूक माझी." ती म्हणाली, "सर, मला माहीत होतं. पण तुम्ही घाई करू नकोस म्हणालात, तेव्हापासून मी सोपं तेच उत्तर लिहिते."

मंडळी, गुण परत देता येतो. हे कसं परत करायचं?

म्हणून शिक्षकांना एकच विनंती. संगणक नसला तरी चालेल. एकूण गुणांप्रमाणे पेपर लावा. वरचा एक तृतीयांश गठ्ठा आणि खालचा एक तृतीयांश गठ्ठा घ्या. प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे किती जणांना आला, ते मोजा. खालचा गठ्ठा पुढे निघाला, तर मुलांना बोलण्याआधी आपला प्रश्न आणि उत्तरसूची पुन्हा वाचा.