पाटीवर चढणारी मराठी

दुकानाची पाटी पेंटर रंगवायचा तेव्हाची गोष्ट आठवा. मजकूर हाती दिला की तो आधी वाचायचा, शंका आली तर विचारायचा आणि मगच ब्रश रंगात बुडवायचा. आता दवाखाना, बँक, रेल्वेचा फलाट, सगळीकडे दिव्यांच्या पाट्या आल्या. मजकूर संगणकावर टाइप करायचा, पेनड्राइव्हने किंवा इंटरनेटवरून पाटीच्या यंत्राकडे पाठवायचा, की झाले! पण या वाटेत मराठी कुठे मोडते, ते आमच्या दहिवलीच्या परिसरातल्या तीन नावांवरून सांगतो.

संगणक अक्षराचे चित्र पाठवत नाही, त्याचा क्रमांक पाठवतो. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट पुढच्या यंत्रात नसला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा नुसता भुगा दिसे. 1991 साली युनिकोडने देवनागरीच्या चिन्हांना स्वतःचे क्रमांक दिले. पण क्रमांक पोचले म्हणजे अक्षरे पोचली असे नाही. ती जुळवण्याचे काम यंत्राने करावे लागते.

‘कर्जत’ घ्या. साठवताना क, र, हलन्त, ज, त अशी रांग असते. यंत्राला आपली रीत ठाऊक असेल तर रफार ‘ज’च्या डोक्यावर बसतो. नसेल तर पाय मोडलेला ‘र’ मध्येच उभा राहतो. ‘दहिवली’तली पहिली वेलांटी ‘ह’च्या नंतर साठवतात, पण दिसायला हवी त्याच्या आधी. अडाणी यंत्रात ती पुढे सरकून ‘व’ला चिकटते. ‘नेरळ’चे दुखणे वेगळे. इंग्रजी यादीवरून नाव उचलले की नेरळचे ‘नेरल’ होते. इथे दोष यंत्राचा नाही, माणसाचा.

हे एकट्या मराठीचे भोग नाहीत. उर्दूतही अक्षर शेजार पाहून रूप बदलते. न जुळवणाऱ्या यंत्रात ती अक्षरे सुटी होतात आणि उलट्या दिशेने उभी राहतात.

एका कार्यक्रमात पडद्यावर माझ्या ओळींतली जोडाक्षरे फुटलेली मी पाहिली. लोक हसले. कवीचे त्यात फारसे बिघडत नाही. पण दवाखान्याच्या पाटीवर खोलीचे नाव किंवा फलाटावर गावाचे नाव मोडले, तर फक्त मराठी वाचणाऱ्या आजीने काय करायचे?

मजकुराचे चित्र करून पाठवले तर अक्षरे शाबूत राहतात. मात्र रोज बदलणाऱ्या मजकुराला ते सोयीचे नाही, आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या यंत्राला अक्षरेच लागतात.

राज्यात 2022 साली दुकानांच्या पाट्यांचा कायदा बदलला. मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे त्यात आहे. आकार पट्टीने मोजता येतो. शुद्धता वाचूनच कळते.

म्हणून नगरपालिका असो वा दुकानदार, पाटीचे पैसे चुकते करण्याआधी तिच्यावर तीन नावे उमटवून पाहा: कर्जत, दहिवली, नेरळ. आणि चौथे ‘कुर्ला’: उकार खाली, रफार वर. ठिपक्यांच्या पाटीत इंग्रजी अक्षर सात ओळींत मावते; आपल्याला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खालीही जागा लागते. चारही नावे नीट उमटली तर पाटी घ्या. आणि रोजचा मजकूर लावण्याआधी तो वाचणारे एक मराठी माणूस नेमा.